महामार्गावरील इंटरचेंज आणि वाहनप्रवाहांची गुंफण : पुणे शहराच्या बाह्यवळण मार्गाच्या संदर्भात

सारांश

मोठ्या शहरांलगतच्या महामार्गांवर होणारी वाहतूक कोंडी सामान्यतः रस्त्याच्या अपुऱ्या रुंदीशी जोडली जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. इंटरचेंजच्या ठिकाणी आत येणारे आणि बाहेर पडणारे वाहनप्रवाह अल्प अंतरात एकमेकांना छेदतात. वाहतूक अभियांत्रिकीत या क्रियेस वीव्हिंग म्हणतात. या लेखात तिच्यासाठी 'गुंफण' हा शब्द योजला आहे. देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग, विशेषतः चांदणी चौक आणि नवले पूल परिसर, यांच्या आधारे गुंफणीचे स्वरूप, तिची कारणे आणि उपाययोजना यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : इंटरचेंज, गुंफण, बाह्यवळण मार्ग, सेवा रस्ता, नागरी विस्तार.

१. प्रस्तावना

२ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील चांदणी चौकातील जुना पूल नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. १९९० च्या दशकातील या पुलाखालून मुंबई-बंगळुरू महामार्ग जात होता. पुलाच्या मर्यादित गाळ्यामुळे खालचा रस्ता रुंद करणे अशक्य झाले होते. सुमारे ६०० किलो स्फोटके वापरूनही पुलाचा सांगाडा पूर्णपणे कोसळला नाही. उरलेला भाग यंत्रांच्या साहाय्याने हटवावा लागला. त्याआधी काही आठवडे, ऑगस्ट २०२२ मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या वाहनांचा ताफाही येथील कोंडीत अडकला होता. त्यामुळे या चौकाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या बहुस्तरीय इंटरचेंजचे उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. या प्रकल्पाचा खर्च ८६५ कोटी रुपये सांगण्यात आला.

एका चौकासाठी एवढा सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेव्हा तेथील मूळ दोष कोणता होता आणि तो किती प्रमाणात दूर झाला, हे समजून घेणे नागरिकांप्रमाणेच अभ्यासकांचेही कर्तव्य ठरते. जुना पूल अरुंद होता, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. रुंद रस्त्यावरही कोंडी होते आणि ती बहुधा ठरावीक ठिकाणीच होते. त्या ठिकाणी नेमके काय घडते, हा या लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे

(१) गुंफण या संकल्पनेचा परिचय करून देणे.
(२) गुंफणीमुळे रस्त्याची क्षमता कशी घटते ते आकडेवारीच्या उदाहरणाने स्पष्ट करणे.
(३) पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर गुंफण का वाढली याची भौगोलिक कारणे शोधणे.
(४) उपाययोजनांचा विचार करणे.

३. गुंफण : संकल्पना आणि स्वरूप

एकाच दिशेने जाणारे दोन वाहनप्रवाह सिग्नल वा पोलीस यांच्या नियंत्रणाविना, चालता चालता एकमेकांचा मार्ग ओलांडतात, तेव्हा गुंफण घडते. महामार्गावर डाव्या बाजूने एक रॅम्प येऊन मिळतो आणि थोड्या अंतरावर, त्याच बाजूने, दुसरा रॅम्प बाहेर पडतो अशी कल्पना करावी. पहिल्या रॅम्पने आलेल्या वाहनास उजवीकडे सरकून मुख्य मार्गिकेत जायचे असते. मुख्य मार्गिकेतील वाहनास डावीकडे सरकून दुसऱ्या रॅम्पने उतरायचे असते. दोघांनाही हे काम दोन रॅम्पमधील अंतरातच उरकावे लागते. या लांबीस आपण गुंफण-पट्टा म्हणू. कापडात उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरखालून जातात. रस्त्यावर मात्र सर्व वाहने एकाच पातळीवर असल्याने प्रत्येकास दुसऱ्याच्या पुढच्या किंवा मागच्या मोकळ्या जागेतूनच वाट काढावी लागते.

अमेरिकेत १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या ग्रंथात या क्रियेचा स्वतंत्र विचार झाला आणि पुढील प्रत्येक आवृत्तीत तिच्या मोजणीची पद्धत सुधारत गेली. अभ्यासकांच्या मते गुंफण-पट्ट्याचे वर्तन मुख्यतः तीन बाबींवर अवलंबून असते : पट्ट्याची लांबी, त्याची रुंदी आणि मार्गिकांची मांडणी. मांडणी याचा अर्थ असा की आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाहनास इष्ट ठिकाणी पोहोचण्यासाठी किमान किती वेळा मार्गिका बदलावी लागते. काही मांडणींत प्रत्येक गुंफणाऱ्या वाहनास किमान एकदा मार्गिका बदलावीच लागते, तर काहींत एका प्रवाहास ती मुळीच बदलावी लागत नाही. समान रुंदीच्या दोन रस्त्यांची क्षमता केवळ या भेदामुळे वेगळी होऊ शकते.

या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे चार पाकळ्यांचा क्लोव्हरलीफ इंटरचेंज. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वुडब्रिज येथे १९२९ मध्ये असा इंटरचेंज उभा राहिला. सिग्नलविना सर्व दिशांना वळता येते, हा त्याचा मोठाच गुण होता. परंतु एका पाकळीतून महामार्गावर येणारी वाहने आणि पुढच्या पाकळीत शिरू पाहणारी वाहने या रचनेत एकाच छोट्या लांबीत समोर येतात. चार पाकळ्यांमुळे असे चार गुंफण-पट्टे तयार होतात. वाहनसंख्या कमी होती तोवर हा दोष जाणवला नाही. ती वाढताच अनेक ठिकाणी अशा रचना बदलाव्या लागल्या. चेन्नईतील २००८ मध्ये पूर्ण झालेला कथिपारा इंटरचेंज हे भारतातील या प्रकारचे सुपरिचित उदाहरण होय.

४. क्षमता का घटते?

प्रथम काळाचा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. गुंफण-पट्टा २०० मीटर लांबीचा असेल तर चालकाच्या हाती केवळ १२ सेकंद असतात. तेवढ्या वेळात आरशात पाहणे, शेजारच्या मार्गिकेतील मोकळी जागा हेरणे, वेग जुळवणे आणि सरकणे ही सर्व कामे त्याला करावी लागतात. दोन मार्गिका ओलांडायच्या असतील तर हीच कृती दोनदा करावी लागते.

आता संख्येचा हिशेब पाहू. समजा, तासाला १,००० वाहने आत येत आहेत आणि १,००० वाहने बाहेर पडत आहेत. प्रत्येकाने एकदाच मार्गिका बदलली तरी तासाला २,००० बदल होतात, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक. यांपैकी एखाद्या चालकास जागा न मिळाल्यास तो वेग कमी करतो किंवा थांबतो. मागचे वाहन त्याहून अधिक ब्रेक लावते, त्यामागचे आणखी अधिक. थांबण्याची ही लाट प्रवासाच्या उलट दिशेने मागे सरकत जाते. अर्धा किलोमीटर मागे अडकलेल्या प्रवाशास पुढे अपघात झाला असावा असे वाटते. प्रत्यक्ष त्या ठिकाणी पोहोचल्यावर त्याला काहीच आढळत नाही. अशा कोंडीचे मूळ अनेकदा गुंफण-पट्ट्यात असते.

तिसरा मुद्दा रुंदीचा. वर्तुळाकार चौकांतील गुंफणीचे गणित ब्रिटिश अभ्यासक जे. जी. वॉर्ड्रॉप यांनी १९५० च्या दशकात मांडले. त्याच धर्तीचे सूत्र इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ च्या आपल्या वर्तुळाकार चौकांविषयीच्या शिफारशींत स्वीकारले. या सूत्रात चार घटक आहेत : गुंफण-पट्ट्याची रुंदी, त्याची लांबी, प्रवेशाची सरासरी रुंदी आणि एकूण वाहतुकीत गुंफणाऱ्या वाहनांचे प्रमाण. शेवटच्या घटकास आपण गुंफण-प्रमाण म्हणू. क्षमता काढण्यासाठी २८० ला पट्ट्याच्या रुंदीने गुणतात. त्यास एक अधिक प्रवेशरुंदी भागिले पट्ट्याची रुंदी, आणि एक वजा गुंफण-प्रमाणाचा तिसरा हिस्सा, यांनी गुणतात. आलेल्या संख्येस एक अधिक रुंदी भागिले लांबी याने भागतात. उत्तर दर तासाच्या प्रवासी मोटार एककांत येते.

पट्टा १४ मीटर रुंद व ६० मीटर लांब, प्रवेशाची सरासरी रुंदी १० मीटर आणि गुंफण-प्रमाण ०.८ असल्यास क्षमता सुमारे ४,००० एकके येते. आता एका वेळी एकच घटक बदलून पाहू.

(अ) रुंदी १४ वरून १७ मीटर केली, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी वाढवली, तर क्षमता ४,३२० होते. वाढ केवळ ८ टक्के.
(आ) लांबी ६० वरून ९० मीटर केली, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढवली, तर क्षमता सुमारे ४,२६५ होते. वाढ सुमारे ७ टक्के.
(इ) रस्ता आहे तसाच ठेवून गुंफण-प्रमाण ०.८ वरून ०.५ वर आणले, तर क्षमता सुमारे ४,५४० होते. वाढ सुमारे १४ टक्के.

हे सूत्र वर्तुळाकार चौकांसाठी असल्याने ते महामार्गाच्या इंटरचेंजला जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि त्यातून मिळणारा बोध महत्त्वाचा आहे. रुंदीकरणाचा लाभ खर्चाच्या प्रमाणात मिळत नाही. आणि रस्त्याची एक वीटही न हलवता, केवळ परस्परांना छेदणारी वाहने कमी करून, अधिक लाभ मिळू शकतो. म्हणून गुंफण-प्रमाण कशाने वाढते, हा पुढचा प्रश्न ठरतो.

५. पुण्याचा बाह्यवळण मार्ग : बदललेली भूमिका

मुंबईहून साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांनी शहरात न शिरता बाहेरून जावे, या हेतूने देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग आखला गेला. वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे अशा त्या वेळच्या शहराच्या कडेवरील गावांजवळून तो जातो. अशा मार्गावर बहुतेक वाहने सरळ जाणारी असतात, हे आखणीचे गृहीतक होते. गृहीतक खरे असते तोवर गुंफण-प्रमाण अल्प राहते.

पुढील काळात शहर या मार्गापाशी येऊन थांबले नाही. त्याने तो ओलांडला. हिंजवडीतील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाने मार्गाच्या पश्चिमेस मोठे रोजगारकेंद्र निर्माण केले. बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे, आंबेगाव या परिसरांत गृहसंकुले, शाळा व महाविद्यालये उभी राहिली. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांत मार्गालगतची सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे ही गावेही होती. परिणामी घर मार्गाच्या एका बाजूस आणि नोकरी, शाळा किंवा बाजार दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती हजारो कुटुंबांची झाली.

सेवा रस्ते जेथे सलग नाहीत तेथे अशा कुटुंबांना दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासासाठीही महामार्गावर यावे लागते. हे वाहन एका ठिकाणी आत येते आणि पुढच्याच ठिकाणी बाहेर पडते. म्हणजे त्याचा महामार्गावरील जवळजवळ सर्व प्रवास गुंफणीतच होतो. शंभर किलोमीटर जाणारा मालट्रक आणि दोन किलोमीटर जाणारी स्कूटर मोजणीत महामार्गावरील एकेक वाहन म्हणून नोंदली जातात. परंतु इंटरचेंजवर स्कूटरने निर्माण केलेले छेद अधिक असतात. वाहनसंख्येच्या वाढीइतकीच प्रवासाच्या स्वरूपातील ही वाढ कोंडीस कारण ठरली आहे.

६. दोन स्थळे

६.१ चांदणी चौक

या चौकात महामार्गाच्या मुंबई व सातारा या दोन दिशांखेरीज पूर्वेकडून कोथरूडचा पौड रस्ता, पाषाण-बावधनचा रस्ता, पश्चिमेकडून भूगाव-मुळशीचा रस्ता आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडचा रस्ता एकत्र येतात. चार दिशांच्या चौकात एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे जाण्याचे १२ पर्याय असतात. सहा दिशा असल्यास ते ३० होतात. येथील गुंतागुंतीचे मूळ या साध्या गणितात आहे. शिवाय मुंबईकडे जाणाऱ्या खासगी बसगाड्यांची ही जुनी थांबण्याची जागा. गुंफण-पट्ट्यात थांबलेली एक बस त्या वेळेपुरती पट्ट्याची रुंदी व लांबी दोन्ही कमी करते.

नव्या रचनेत पूल, भुयारी मार्ग, सेवा रस्ते आणि रॅम्प यांच्या साहाय्याने स्थानिक दिशांचे प्रवाह महामार्गापासून वेगळे करण्यात आले. गुंफणीच्या दृष्टीने ही दिशा योग्यच आहे. मात्र उद्घाटनानंतर चालकांचा दिशांबाबत गोंधळ उडत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. रॅम्पची संख्या वाढली की निर्णयांची संख्याही वाढते. कोणता रॅम्प घ्यायचा हे चालकास फाट्यावर पोहोचल्यावर कळत असेल, तर तो ऐन वेळी मार्गिका बदलतो आणि रचनेने टाळलेली गुंफण पुन्हा निर्माण होते. म्हणूनच दिशादर्शक फलक हा इंटरचेंजच्या रचनेचाच भाग मानला पाहिजे. पादचाऱ्यांचा प्रश्नही असाच आहे. बस पकडण्यासाठी महामार्ग ओलांडणारा माणूस आराखड्यात मोजला गेला नाही, तरी रस्त्यावर तो असतोच.

६.२ नवले पूल परिसर

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गास दीर्घ उतार आहे. साताऱ्याकडून येणारी अवजड वाहने या उतारावर वेग घेतात, आणि उताराच्या शेवटी शहरातील वाहने महामार्गावर येत-जात असतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी येथे एका मालवाहू वाहनाने एकापाठोपाठ अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच परिसरात अवजड वाहनांच्या धडकेनंतर आग लागून अनेकांचा मृत्यू झाला.

अशा अपघातांनंतर चालकाचा निष्काळजीपणा, नादुरुस्त ब्रेक किंवा इंधन वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून वाहन सोडण्याची सवय यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु गुंफणीच्या सिद्धान्तानुसार धोका ठरतो तो वेगातील तफावतीने. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या दोन वाहनांची गुंफण आणि ताशी ८० व ताशी २० किलोमीटर वेगाच्या दोन वाहनांची गुंफण या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या स्थितीत वेगातील फरक ताशी ६० किलोमीटर असतो आणि दर सेकंदाला दोन वाहनांमधील अंतर सुमारे १७ मीटरने घटते. उताराच्या पायथ्याशी प्रवाहांचा छेद ठेवणे, हा दोष चालकांच्या प्रबोधनाने पुरता भरून निघणारा नाही. चांदणी चौकात गुंफणीची किंमत वेळेत मोजली जाते. येथे ती जीवितहानीत मोजावी लागली आहे.

७. भारतीय वाहतुकीचे वेगळेपण

पाश्चात्त्य ग्रंथांतील सूत्रे मार्गिकेची शिस्त गृहीत धरतात. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, मोटार, बस आणि मालट्रक एकाच रस्त्यावर असतात. दुचाकीस्वार मार्गिका बदलत नाही. तो सतत आडवा सरकत मिळेल त्या फटीतून पुढे जातो. यामुळे रस्त्याची जागा अधिक वापरली जाते, हा एक लाभ. पण मोटारचालकाने हेरलेली मोकळी जागा तो वळण्यापूर्वीच भरून गेलेली असते, ही त्याची दुसरी बाजू. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये तयार झालेल्या भारतीय महामार्ग क्षमता ग्रंथात अशा मिश्र वाहतुकीचा विचार करण्यात आला आहे. परकीय निकष उचलून केलेली आखणी आणि येथील प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर कमी करण्याच्या दृष्टीने हा प्रयत्न मोलाचा होय.

८. उपाययोजना

(१) सलग सेवा रस्ते : स्थानिक प्रवास महामार्गावर न येता पूर्ण व्हावा. गुंफण-प्रमाण कमी करण्याचा हा सर्वांत थेट मार्ग आहे. मात्र भूसंपादन रखडल्याने सेवा रस्ता मध्येच तुटला, तर तुटलेल्या जागी सारी वाहने महामार्गावर येतात. म्हणून तुकड्यातुकड्यांच्या सेवा रस्त्याचा उपयोग फार मर्यादित असतो.
(२) रॅम्पमधील अंतर वाढवणे : प्रवेश आणि निर्गम यांतील लांबी वाढवणे, आणि ते शक्य नसल्यास जवळजवळचे काही प्रवेश बंद करणे. यात स्थानिकांना वळसा पडतो. तो आधीच समजावून सांगितला पाहिजे.
(३) एका रॅम्पवरून दुसरा रॅम्प नेणे : आत येणारा व बाहेर पडणारा प्रवाह वेगवेगळ्या पातळ्यांवर नेल्यास गुंफण उरत नाही. हा उपाय खर्चिक असल्याने जेथे वेगातील तफावत मोठी आहे तेथे त्यास प्राधान्य असावे.
(४) फलक आणि थांबे : दिशांचे फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत व पुरेसे आधी असावेत. बसथांबे गुंफण-पट्ट्याबाहेर, पादचारी पुलाशी जोडून असावेत.
(५) भूमी-उपयोगाचे नियोजन : महामार्गाच्या पलीकडे वसाहतींना परवानगी देताना शाळा, दवाखाने व बाजार त्याच बाजूस होतील, हे पाहिले पाहिजे. न घडलेल्या फेरीसाठी पूल बांधावा लागत नाही.

९. महाविद्यालयांची भूमिका

गुंफण-प्रमाण काढण्यासाठी महागडी साधने आवश्यक नाहीत. रस्त्यापासून दूर, सुरक्षित उंचीवरून गर्दीच्या वेळेचे चित्रीकरण केल्यास आत येणारी, बाहेर पडणारी आणि सरळ जाणारी वाहने मोजता येतात. भूगोल विभागाने प्रवासाचे आरंभ व अंतिम स्थान यांचे सर्वेक्षण करावे, संख्याशास्त्र विभागाने नमुना निवडावा, अर्थशास्त्र विभागाने वाया जाणाऱ्या वेळेचे व इंधनाचे मूल्य काढावे. बाह्यवळण मार्गालगत महाविद्यालयांची संख्या लक्षणीय आहे आणि त्यांचे विद्यार्थी या कोंडीचे रोजचे साक्षीदार आहेत. एकाच ठिकाणची मोजणी दरवर्षी केल्यास काही वर्षांत शहरास उपयोगी पडेल अशी माहिती जमा होईल.

१०. निष्कर्ष

महामार्गावरील इंटरचेंजची कोंडी ही मुख्यतः परस्परांना छेदणाऱ्या प्रवाहांची कोंडी आहे. रुंदीकरणाने तिच्यावर अंशतःच परिणाम होतो. पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर शहराच्या विस्ताराने स्थानिक फेऱ्या वाढवल्या, त्यामुळे गुंफण-प्रमाण वाढले आणि मार्गाच्या मूळ आखणीचे गृहीतकच मोडले. चांदणी चौकातील पुनर्रचनेने प्रवाह वेगळे करण्याचे तत्त्व स्वीकारले, ही स्वागतार्ह बाब आहे. नवले पूल परिसरात त्याच तत्त्वाची निकड अधिक आहे, कारण तेथे प्रश्न विलंबापुरता उरलेला नाही. यापुढे अशा कोणत्याही प्रकल्पाच्या वेळी मार्गिका किती वाढणार यासोबत छेदणारी वाहने किती कमी होणार, हा प्रश्न विचारला जावा आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळावे, अशी अपेक्षा ठेवणे उचित ठरेल.